पायाखालची दांडी

फटफटीचा इतिहास सांगायला बसलं की लोक इंजिनापासून सुरुवात करतात. ताकद किती, वेग किती, पेट्रोल किती पिते. आपण आज खालून सुरुवात करू. स्वार जिच्यावर पाय टेकतो ती आडवी दांडी, म्हणजे फूटरेस्ट, आणि पायानं चालवायची गिअरची दांडी. या दोनच वस्तू घेऊ.

पुण्याकडून कोल्हापूरला येताना पंचगंगेच्या पुलाअलीकडं शिरोली लागते. गावाचं नावच शिरोली पुलाची. तिथल्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटताना मोटारसायकलींची रीघ लागते. तुम्ही त्या गाड्यांकडं न बघता नुसते पाय बघा. कुणाच्या पायात जाड बूट, कुणाच्या पायात चप्पल. मागं एखादी बाई बसलेली असेल, तर तिचे दोन्ही पाय एकाच बाजूला. एकच दांडी या सगळ्या पायांना कशी पुरावी?

आरंभी हा प्रश्नच नव्हता. पहिल्या मोटारसायकली सायकलीच्याच पोटच्या. त्यांना पायडल असत; गाडी सुरू करताना आणि चढावर पाय मारावेच लागत. (लक्ष्मणराव किर्लोस्करांनीही १८८८ साली बेळगावात आधी सायकलींचंच दुकान काढलं, कारखाना मागाहून आला.) पुढं इंजिनं दमदार झाली, किक आली, पायडल गेलं. पायाला काम उरलं नाही, म्हणून त्याला टेकायला दांडी आली.

गिअर मात्र त्या वेळी हातानं बदलत. पेट्रोलच्या टाकीशेजारी दांडा असे. खड्ड्यातून जाताना एक हात हँडलवरून काढायचा म्हणजे जिवाशी खेळच. १९२० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडातल्या व्हेलोसेट कंपनीत हॅरोल्ड विलिस यांनी पायाच्या गिअरला नवी रचना दिली. दर दाबणीला एकच गिअर पडतो आणि दांडी परत मूळ जागी येते. पायाला डोळे नसतात. दांडी दर वेळी तिथंच सापडली पाहिजे, एवढंच त्यातलं मर्म. आजच्या गाडीतही तेच तत्त्व आहे.

आता ही दांडी उजवीकडं की डावीकडं? इंग्रजी गाड्यांत ती उजवीकडं असे. १९५५ पासून मद्रासला बनू लागलेल्या बुलेटचीही तशीच. म्हैसूरची जावा आणि पुढं येझदी यांची डावीकडं, आणि त्यांत आणखी एक गंमत: तीच दांडी फिरवून किक मारायची! बुलेटवरून येझदीवर बसलेला गडी घाईत ब्रेकऐवजी गिअर दाबी. अमेरिकेनं १९७४ मध्ये डावी बाजू नियमानं ठरवली आणि जगभर हळूहळू तीच रूढ झाली.

पण आपल्याकडचा खरा पेच चपलेचा. बूट घातलेला माणूस बोटांच्या वरच्या अंगानं दांडी उचलतो. चप्पल घातलेल्यानं तेच केलं तर उघड्या बोटांवर लोखंड घासतं, पावसाळ्यात तर पाय निसटतोच. तिथं दोन टोकांची दांडी उपयोगी पडते. पुढचं टोक बोटांनी दाबायचं, मागचं टाचेनं. उचलायचं काही नाही. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली. तिच्यासारख्या १०० सीसीच्या गाड्यांनी ही दांडी गावोगाव नेली. खेळातल्या गाड्यांच्या नादानं काही तरुण ती काढून एकटोकी बसवतात. रोज चपलेवर डेअरीला जाणाऱ्यानं ती का काढावी, हे मला तरी कळत नाही.

मागं बसणारीची सोय कायद्यानं पाहिली आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागच्यासाठी धरायची मूठ, फूटरेस्ट आणि निम्मं चाक झाकणारं आवरण सक्तीचं केलं, कपडा चाकात जाऊ नये म्हणून. आपण त्याला साडीगार्ड म्हणतो. गाडी देखणी दिसावी म्हणून ते काढून ठेवणं म्हणजे आईचा किंवा बायकोचा पदर चाकाच्या तोंडी देणं.

शिरोलीचं ओतकाम शेतीच्या पोटी वाढलं. उसाचे चरक, पाणी उपसायची इंजिनं यांचे सुटे भाग ओतता ओतता कोल्हापूरच्या उद्यमनगरात हात तयार झाले. १९६२ मध्ये एम.आय.डी.सी. स्थापन झाली. पुढं शहरात न मावणारा धंदा शिरोली आणि गोकुळ शिरगावकडं सरकला. तिथला मिस्त्री तुम्हांला सांगेल की गिअरची दांडी बिडाची चालत नाही. बीड दाब सोसतं, पण दणका बसला की तुकडे होतात. म्हणून अशी दांडी पोलादाची, तापवून साच्यात ठोकलेली असते.

गुडघे किंवा घोटा दुखतो म्हणून नवे भाग घेण्याआधी एक बिनखर्ची उपाय करा. बऱ्याच गाड्यांत गिअरची दांडी दातेरी दांड्यावर बसलेली असते. बोल्ट नुसता ढिला करू नका, पुरता काढा. तो बहुधा खाचेत अडकलेला असतो. मग दांडी ओढून एक दाता वर किंवा खाली बसवा. घोट्याला तेवढाच फरक पुष्कळ होतो. फूटरेस्ट बदललीच तर ती दुमडणारी घ्या. वळणावर जमिनीला टेकली तर वर उचलली जाते, गाडीला उलथवत नाही. रबराची असेल तर इंजिनाची थरथर कमी लागते, दातेरी धातूची असेल तर चिखलात पाय घट्ट राहतो. आणि फूटरेस्ट जरा जरी पुढं-मागं सरकली, तरी उजव्या पायाच्या ब्रेकची उंची त्याच वेळी जुळवून घ्या. नाहीतर ऐन वेळी पाय ब्रेकवर जायच्या ऐवजी त्याच्या खाली जातो.