दोरीवरची छोटी गाठ : नॉकिंग पॉइंटचा इतिहास आणि मोजमापाचे दोन प्रश्न

पेट किंवा नेटची तयारी करताना रिलायबिलिटी आणि व्हॅलिडिटी या दोन शब्दांच्या व्याख्या तुम्ही पाठ केल्या असतील. दर वेळी तेच उत्तर येणं ही पहिली, आणि ते उत्तर बरोबर असणं ही दुसरी. व्याख्या सोप्या आहेत, पण प्रत्यक्ष उपकरण हाताळायला लागलो की दोन्हींची गल्लत होते. हा फरक आज आपण धनुष्याच्या दोरीवरच्या एका छोट्या गाठीच्या इतिहासातून बघू.

नॉकिंग पॉइंट म्हणजे काय?

बाणाच्या मागच्या टोकाला खाच असते, तिला नॉक म्हणतात. ही खाच दोरीत जिथे अडकवायची त्या ठरवून ठेवलेल्या जागेला नॉकिंग पॉइंट म्हणतात. तिथे दोऱ्याचे वेढे, आतून रबर असलेली पितळी कडी किंवा डी-लूप नावाचा छोटा फास असतो.

एवढ्याशा गोष्टीने काय फरक पडतो? २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड प्रकारात जगज्जेते झाले. या प्रकारात लक्ष्य ५० मीटरवर असतं आणि दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास फक्त ८ सेंमी असतो. आता कागदावर गणित करा. बाण ७०० मिमी लांब धरला आणि त्याचं मागचं टोक १ मिमी वर-खाली झालं, तर कोन १/७०० ने बदलतो. ५० मीटरवर याचे साधारण ७ सेंमी होतात. प्रत्यक्षात बाण वाकतो, पिसं त्याला सावरतात, त्यामुळे आकडा नेमका एवढाच येणार नाही. पण मिलिमीटरला इथे किंमत का आहे, ते कळायला एवढं गणित पुरेसं आहे.

१५४५ : डोळा आणि सवय

इंग्लंडमध्ये रॉजर ॲस्कम या विद्वानाने १५४५ साली 'टॉक्सोफिलस' हे धनुर्विद्येवरचं पुस्तक लिहिलं आणि राजा आठव्या हेन्रीला अर्पण केलं. विद्वानांची भाषा लॅटिन असताना त्याने हे पुस्तक मुद्दाम इंग्रजीत लिहिलं. नेमबाजीचे त्याने पाच भाग केले: उभं राहणं, बाण दोरीला लावणं, ओढणं, धरून ठेवणं आणि सोडणं.

बाण दोरीला लावणं हा त्याच्या मते सगळ्यात सोपा भाग. फक्त लक्ष हवं. बाण फार वर नको, फार खाली नको, धनुष्याला सरळ आडवा हवा. लावण्याची जागा बदलत राहिली तर बाणाचा पल्ला चुकतो, असंही तो सांगतो.

यात दोन वेगळ्या अटी आहेत. जागा दर वेळी तीच हवी, आणि ती जागा योग्यही हवी. आपले दोन्ही शब्द इथे आले. पण ॲस्कमच्या तिरंदाजाकडे दोन्ही अटी पाळायला एकच साधन होतं, स्वतःचा डोळा.

दोरीवर दोऱ्याचे वेढे देऊन जागा पक्की केली की पहिली अट सुटते. अंधारातही बोटाला तीच जागा सापडेल. मात्र चुकीच्या जागी बांधलेली गाठसुद्धा तितकीच पक्की असते! रोज तीच चूक तितक्याच शिस्तीने होत राहील आणि आकडे मात्र छान एकसारखे दिसतील.

१९३० चं दशक : बाण काठीसारखा नसतो

साध्या लाकडी धनुष्यात मूठ मधोमध असते. दोरी सुटली की ती मुठीकडे झेपावते. मग बाण बाजूला फेकला जायला हवा, पण तो निशाण्यावर जातो. या कोड्याला रॉबर्ट एल्मर या अमेरिकन डॉक्टर-तिरंदाजाने 'आर्चर्स पॅरॅडॉक्स' हे नाव दिलं.

ते सोडवण्यात मोठा वाटा क्लॅरेन्स हिकमन यांचा. ते बेल लॅबमधले भौतिकशास्त्रज्ञ आणि हौशी तिरंदाज. १९३० च्या दशकात त्यांनी अतिवेगवान चित्रीकरण केलं आणि त्यात दिसलं की सुटताना बाण सापासारखा वाकतो आणि मुठीला वळसा घालून पुढे जातो. पुढे १९४३ साली पॉल क्लॉप्स्टेग यांनी धनुष्य-बाणाच्या भौतिकशास्त्रावर 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये लेख लिहिला.

आपल्या विषयासाठी यातून निघणारी गोष्ट महत्त्वाची आहे. स्थिर धनुष्यावर पट्टी लावून घेतलेलं माप, हलत्या बाणाबद्दल सगळं सांगू शकत नाही.

१९६६ : गाठीची जागा कोण ठरवतं?

अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या हॉलेस विल्बर ॲलन यांनी १९६६ साली कंपाउंड धनुष्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. डिसेंबर १९६९ मध्ये ते मिळालं (क्रमांक ३४८६४९५). धनुष्याच्या दोन्ही टोकांना मध्य सोडून आस असलेली चाकं आणि त्यांवरून फिरणाऱ्या केबल, ही त्यांची कल्पना. दोरी पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार एकदम कमी होतो. ६० पौंडांच्या धनुष्यात ८० टक्के सूट असेल तर धरून ठेवायला फक्त १२ पौंड लागतात.

पण सोबत एक नवा प्रश्न आला. वरचं आणि खालचं चाक एकाच वेळी फिरलं नाही तर ओढताना आणि सोडताना गाठ सरळ रेषेत न जाता वर-खाली सरकते. म्हणजे गाठ दोरीवर अगदी जागच्या जागी, पण तिचा प्रवास वाकडा. पुढे १९९० च्या दशकात एकाच कॅमची धनुष्यं रुळली. त्यांत दोन चाकांचा ताळमेळ बघायची गरज राहिली नाही, पण गाठीचा प्रवास सरळ ठेवणं हे काम उरलंच.

बसवणं एक, तपासणं दुसरं

आज कंपाउंड धनुष्यावर ही जागा कशी ठरवतात ते बघा. बो स्क्वेअर नावाचा छोटा गुण्या दोरीवर अडकवतात. त्याची आडवी भुजा बाण टेकतो त्या रेस्टवर ठेवतात. दोरीशी बरोबर काटकोन म्हणजे शून्य. यांत्रिक रिलीज वापरणारे साधारण शून्यापासून ३ मिमी वरपर्यंत सुरुवात करतात. आकडा वहीत लिहितात. इथे बसवणं संपलं.

आता तपासणं. चौकटीत ताणलेल्या कागदातून दोनेक मीटरवरून बाण मारतात. टोकाचं गोल भोक आणि पिसांच्या चिरा एकाच जागी आल्या तर बाण सरळ गेला. चिरा भोकाच्या वर असतील तर शेपूट वर होतं, म्हणजे गाठ बहुधा जास्त वर आहे. ती दीडेक मिलिमीटर खाली घेऊन पुन्हा मारतात. मग दुसरी चाचणी. पिसं नसलेला बाण पिसांच्या बाणांच्या खाली लागला, तर तोही गाठ वर असल्याचाच इशारा.

'बहुधा' हा शब्द मुद्दाम वापरलाय. शेपूट वर दिसण्याची कारणं अनेक: कॅमचा ताळमेळ चुकलेला, बाण रेस्टला घासलेला, किंवा गाठ फार खाली असल्याने बाण रेस्टवर आपटून उसळलेला. शेवटच्या बाबतीत तर उपाय बरोबर उलटा! म्हणून अनुभवी माणूस आधी कॅम आणि रेस्ट बघतो, मग गाठीला हात लावतो, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलतो. नवी दोरी वापराने थोडी लांबते, म्हणून काही दिवसांनी तो गुण्या लावून वहीतला आकडा पुन्हा पडताळतो.

तुमच्या प्रयोगासाठी

गुण्याने बसवलेली गाठ त्याच गुण्याने शंभर वेळा मोजली तरी ती योग्य आहे हे सिद्ध होत नाही. ती हललेली नाही, एवढंच कळतं. योग्य आहे का, हे कागद सांगतो, कारण कागदाला गुण्याचा आकडा माहीतच नसतो.

तुमच्याकडे पीएच मीटर असो, तराजू असो की प्रश्नावली, सिनॉप्सिस लिहिताना तीन गोष्टी वेगळ्या लिहा. शून्य कुठे आणि कशाने ठरवलं? ते हललं नाही हे किती दिवसांनी पाहणार? आणि ते बरोबर आहे हे कोणत्या स्वतंत्र चाचणीने कळणार? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बहुतेक जण देतात. व्हायवामध्ये अडतं ते तिसऱ्यावर. त्याचं उत्तर डेटा गोळा करायच्या आधी तयार ठेवा, कारण सगळे बाण मारून झाल्यावर गाठ चुकीची होती हे कळलं, तर ते बाण परत मोजता येत नाहीत.