अरबी पोशाख व त्याची नावे
अरबांच्या पारंपरिक वस्त्रांची नावे हे त्यांच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन होय. राइनहार्ट डोझी या डच प्राच्यविद्यापंडिताने १८४५ मध्ये या नावांचा स्वतंत्र कोश फ्रेंच भाषेत प्रसिद्ध केला.

इस्लामपूर्व काळी न शिवलेली वस्त्रे विशेष प्रचलित होती : कमरेभोवती इझार व खांद्यांवर रिदा. हज यात्रेतील पुरुषांच्या इहराम वेशात ती टिकून आहेत. शिवलेल्या वस्त्रांची कित्येक नावे मात्र परकीय आहेत. सदरा या अर्थाचा ‘कमीस’ हा शब्द उत्तरकालीन लॅटिन ‘कामिसिआ’शी संबद्ध असून कुराणातील यूसुफच्या कथेत तो येतो; म्हणजे सातव्या शतकात तो अरबीत रुळलेला होता. ‘सिर्वाल’ (विजार) फार्सीतून आला. मराठीतील कमीज व सलवार हे शब्द याच कुळांतील. उलट अरबी ‘जुब्बा’ यूरोपात जाऊन फ्रेंच ‘ज्यूप’ (घागरा) झाला. एकाच पायघोळ अंगरख्याला सौदी अरेबियात सौब, कुवेतमध्ये दिशदाशा, तर संयुक्त अरब अमीरातीत कंदूरा म्हणतात. तेव्हा नावावरून कापडाची बेतणी ठरविणे धोक्याचे असते.

वस्त्र आणि सत्ता यांचा संबंध ‘खिला’ या शब्दात स्पष्ट दिसतो. त्याचा धातू ‘उतरविणे’ या अर्थाचा असून राजाने स्वतःच्या अंगावरून उतरवून दिलेले वस्त्र हा त्याचा मूळ भाव. पुढे अशी मानवस्त्रे मुद्दाम तयार होऊ लागली. त्यांवरील अक्षरपट्टीस ‘तिराझ’ म्हणत. तीवर खलीफाचे नाव विणलेले वा भरतकामाने काढलेले असे. नाण्यांवरील व खुत्ब्यातील नावाप्रमाणे हेही सार्वभौमत्वाचे चिन्ह असल्याने तेथून नाव गाळणे बंडासमान मानले जाई. हाच शब्द खिलत या रूपाने हिंदुस्थानात आला. पुरंदरच्या तहानंतर औरंगजेबाने १६६५ मध्ये शिवाजी महाराजांकडे फर्मानासोबत खिलत पाठविली. ती स्वीकारणे म्हणजे देणाऱ्याचे वर्चस्व मान्य करणे, असा दरबारी संकेत होता.

विसाव्या शतकात हा अर्थभार शिरोवस्त्रांवर आला. पॅलेस्टाइनमध्ये शहरी प्रतिष्ठित तरबूश (गोंड्याची लाल टोपी) घालीत, तर खेडूत व बदाऊनी डोक्याला कूफिया हा रुमाल बांधीत. १९३६–३९ च्या उठावातील बंडखोर मुख्यतः खेड्यांतील असल्याने शहरात ते कूफियामुळे सहज ओळखू येत. म्हणून १९३८ मध्ये बंडाच्या नेत्यांनी शहरवासीयांनाही तरबूश टाकून कूफिया बांधण्यास फर्माविले. त्यामुळे ब्रिटिश सैनिकांना बंडखोर व नागरिक यांतील फरक ओळखणे कठीण झाले.