संगणक बदलताना घरखर्चाचा हिशेब का हरवतो?

हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्राम आणि नोंदींची फाइल या दोन वेगळ्या गोष्टी असतात. नव्या संगणकावर फक्त प्रोग्राम टाकला, तर जुन्या नोंदी आपोआप येत नाहीत. उदाहरणार्थ, ‘मायक्रोसॉफ्ट मनी’च्या नोंदी ‘एमएनवाय’ प्रकारच्या फाइलमध्ये, तर बॅकअप ‘एमबीएफ’ फाइलमध्ये असतो. या सॉफ्टवेअरची विक्री २००९ मध्ये थांबली. २०१० मध्ये त्याची मोफत ‘सनसेट’ आवृत्ती आली. जुना संगणक चालू असतानाच ही फाइल पेनड्राइव्हवर घ्यावी आणि तिचा पासवर्ड लिहून ठेवावा. नव्या संगणकावर फाइल उघडून प्रत्येक खात्याची शिल्लक जुन्याशी ताडून पाहावी. ती जुळेपर्यंत जुनी हार्ड डिस्क फॉरमॅट करू नये. अनेक वर्षांच्या नोंदींची ती एकमेव प्रत असू शकते.