ज्याचा हात, त्याचे काम : किर्लोस्करवाडीची माणसे

बेळगावच्या नगरपालिकेने जागा मोकळी करावयास लावली नसती, तर किर्लोस्करांचा कारखाना या शहरातच वाढला असता, अशी हळहळ आपल्या सीमाभागात अजून ऐकू येते. ती रास्तच आहे. परंतु बेळगावने काय गमावले याचा हिशेब करताना आपण जमीन आणि यंत्रे मोजतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी येथून जी खरी पुंजी बरोबर नेली, ती माणसे पारखण्याच्या दृष्टीची होती, असे आम्हांस वाटते.

ही दृष्टी त्यांना स्वतःच्या उणिवेतून लाभली असावी. गुर्लहोसूर या बेळगाव जिल्ह्यातील गावी 1869 साली जन्मलेले लक्ष्मणराव चित्रकार होण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. तेथे आपल्याला काही रंगांतील भेद कळत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. रंग सुटले; पण यंत्रांची रेखाकृती काढणारा हात सुटला नाही. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत ते शिक्षक झाले. तेथे बढती डावलली गेल्यावर राजीनामा देऊन ते बेळगावास परतले. आपल्याला काय येत नाही हे तरुणपणीच कळलेला मनुष्य दुसऱ्याकडून सर्व काही येण्याची अपेक्षा धरीत नाही.

1888 पासून ‘किर्लोस्कर बंधू’ या नावाने चाललेल्या सायकलींच्या दुकानातही वडीलबंधू रामुअण्णांनी व्यवहार पाहावा आणि लक्ष्मणरावांनी यंत्रात डोके घालावे, अशीच वाटणी होती. त्यातून कडबा कापण्याचे यंत्र आले, मग लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमीन नासते, तिला विष चढते, अशी त्या वेळच्या शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर खपावयास सुमारे दोन वर्षे लागली. या दोन वर्षांत लक्ष्मणराव खचले नाहीत, याचे श्रेय त्यांच्या जिद्दीला देण्याची रीत आहे. आम्ही ते अंशतःच देऊ. ज्या कामात जीव रमतो ते हातून सुटले नव्हते. दुकान, उधारी, गिऱ्हाईक यांचा काच दुसऱ्या खांद्यावर होता. उत्साह टिकवणे आणि कामे वाटणे या दोन निराळ्या गोष्टी नव्हेत, एवढेच यातून आम्हांस दिसते.

बेळगावातून उठावे लागल्यावर औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आसरा दिला : कुंडल रोड स्थानकाजवळची 32 एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज. 10 मार्च 1910 रोजी मंडळी तेथे उतरली, तेव्हा सर्वत्र निवडुंग आणि साप होते. वसाहतीची आखणी, पाणी, स्वच्छता रामुअण्णांकडे गेली. हिशेब मंगेशराव रेगे यांच्याकडे आणि यंत्रांचे काम शंभूराव जांभेकरांकडे आले. कोठेही अडले की पुढे व्हावयाचे ते के. के. कुलकर्णी यांनी. अनंतराव फळणीकर शाळेत रमले नव्हते, पण त्यांचे डोके यंत्रात विलक्षण चाले. त्यांना कारखान्याने कल्पक अभियंता केले.

आमची हयात शासकीय सेवेत गेली. तेथे आधी पद निर्माण होते, त्याची अर्हता ठरते, मग त्यात बसणारा उमेदवार शोधतात. या रीतीने पक्षपात टळतो, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु फळणीकरांचा अर्ज छाननीतच बाद झाला असता.

सर्वांत नवल वाटते ते पुतणे शंकरराव किर्लोस्करांचे. ते शिकले चित्रकला. नांगराच्या कारखान्यात चित्रकाराचे काय काम, असे दुसऱ्या मालकाने विचारले असते. लक्ष्मणरावांनी त्यांच्याकडे जाहिरातीचे काम सोपवले आणि 1920 साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. कारखान्याच्या वार्ता देणारे ते पत्र पाहता पाहता वाङ्मयीन मासिक झाले. 1930 साली ‘स्त्री’ आणि 1934 साली ‘मनोहर’ त्यामागून आले. इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याकडील ज्या मराठी घरांत किर्लोस्करांचा नांगर कधी शिरला नाही, तेथे ही मासिके पोचली. ज्याला स्वतःला रंगांनी दगा दिला होता, त्याने रंगांचे काम रंग जाणणाऱ्यावर निःशंकपणे सोडले.

या व्यवस्थेत एक कच्चा दुवा होता, तोही सांगितला पाहिजे. ती एका माणसाच्या नजरेवर उभी होती. नजर ही नियमावलीत उतरत नाही, वारशाने येतेच असेही नाही. 1920 साली ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ मर्यादित कंपनी झाली, त्या वेळी कागदावर पदे आणि अधिकार आलेच. ते आवश्यकही होते. पण शिक्षा भोगून आलेल्या माणसांना याच वाडीत रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले गेले होते, ते कोणत्या नियमाखाली बसवावयाचे? आमच्या कार्यालयात चारित्र्याच्या दाखल्याशिवाय शिपाईसुद्धा रुजू होत नसे. लक्ष्मणरावांनी दाखला मागितला नाही. कारखान्याचे दार त्यांच्यावर सोपवले.