शेजारणीची बरणी

"तुला जिंजर बिअरचं प्लँट हवंय का?" शेजारच्या आजींनी कुंपणापलीकडून विचारलं आणि मी लगेच "हो" म्हणून मोकळी झाले. २००४ सालची गोष्ट. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तेव्हा इंग्लंडमध्ये, यॉर्कशरमधल्या शेफील्डला राहत होतो. त्यांना नावाने हाक मारायची तिथली पद्धत, पण सत्तरी ओलांडलेल्या बाईला नावाने हाक मारायला माझी जीभ वळायला सहा महिने लागले. मनातल्या मनात मात्र त्या कायम आजीच राहिल्या.

प्लँट म्हटल्यावर मला वाटलं, कुंडी येणार. आल्याचं रोप असेल, स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवू, चहात घालायला ताजं आलं मिळेल! संध्याकाळी आजी आल्या त्या जॅमची जुनी बरणी घेऊन. तोंडाला फडकं बांधलेलं, अगदी आपल्याकडे लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतात तसं. आत मातकट पाणी आणि तळाशी दोन बोटं साका. पान नाही, मूळ नाही. "हे प्लँट?" मी विचारलं. "हेच," आजी म्हणाल्या, "आणि याला रोज खायला घालायचं. विसरायचं नाही."

तर कृती अशी. रोज सकाळी बरणीत एक चमचा साखर आणि एक चमचा सुंठपूड घालायची. असं सात दिवस. आठव्या दिवशी वरचं पाणी फडक्यातून गाळून घ्यायचं. अर्धा किलो साखर लिटरभर गरम पाण्यात विरघळवायची आणि ते पाणी पूर्ण निवू द्यायचं (घाई केली तर साक्यातलं यीस्ट मरतं). मग त्यात दोन लिंबांचा रस आणि गाळलेलं पाणी घालून, साधं पाणी ओतून सगळं चार लिटर करायचं आणि बाटल्यांत भरायचं. राहिलेल्या साखरेवर यीस्ट काम करत राहतं, बंद बाटलीत वायू कोंडतो, थोडंसं मद्यार्कही तयार होतं, आणि आठ-दहा दिवसांनी फसफसणारं, नाकात झिणझिण्या आणणारं पेय तयार! फडक्यावर उरलेल्या साक्याचे दोन भाग करायचे. एक आपल्या बरणीत परत, दुसरा शेजाऱ्याला.

हे ऐकल्यावर मी हसायलाच लागले. म्हणजे हे विरजणच की! लहानपणी पुण्याला वाड्यात आई वाटी हातात देऊन "जा, विरजण घेऊन ये" म्हणायची, तेव्हा आपण काही मागतोय असं कधी वाटलं नाही. आज त्यांच्याकडचं आपल्याकडे, उद्या आपल्याकडचं त्यांच्याकडे. दही कुणाचं म्हणायचं हे त्या वाड्यात कुणालाच सांगता आलं नसतं.

आजींना विरजणाची गोष्ट फार आवडली. मग त्यांनी त्यांची सांगितली. त्यांच्या आईकडेही अशी बरणी होती. पण युद्ध सुरू झालं, जानेवारी १९४० मध्ये साखर रेशनवर गेली आणि पार १९५३ पर्यंत राहिली. घरात चार मुलं, माणशी मोजून मिळणारी साखर, त्यात रोजचा एक चमचा बरणीला कुठून घालायचा? आईने एके दिवशी बरणी मोरीत ओतली. "ती माझ्या आजीची होती," आजी म्हणाल्या. ही आत्ताची त्यांना एका मैत्रिणीने दिलेली.

तेव्हापासून मला या पेयाच्या इतिहासाचा नाद लागला. जसजसं वाचत गेले तसतसं लक्षात आलं की शेफील्डच्या बरणीतली गोष्ट आपल्या घरापर्यंत येते. 'जिंजर' हा शब्दच मुळी आपल्या 'शृंगवेर'चा वंशज. तो ग्रीक आणि लॅटिनमधून फिरत फिरत इंग्रजीत गेला. (आपण मराठीत मात्र 'आर्द्रक'चं 'आलं' केलं.) सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी आलं कॅरिबियन बेटांवर नेऊन लावलं आणि पुढे जमैकाच्या सुंठेचं इंग्लंडमध्ये नाव झालं. तिथूनच साखरही यायची. आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या श्रमाची साखर. ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी कायद्याने संपली ती १८३४ मध्ये. म्हणजे त्याआधी इंग्लंडमधल्या घराघरांत जी जिंजर बिअर फसफसत होती, तिच्या गोडव्यामागे हेही होतं.

हे पेय अठराव्या शतकाच्या मध्यावर यॉर्कशरमध्येच सुरू झालं असं सांगतात. आजींना तर त्याबद्दल शंकाच नव्हती! एकोणिसाव्या शतकात ते लंडनच्या रस्त्यांवर आलं. हेन्री मेह्यू या पत्रकाराने १८५१च्या सुमारास लंडनच्या गरीब कष्टकऱ्यांची जी प्रचंड पाहणी छापली, तिच्यात जिंजर बिअर विकणारे फेरीवाले आहेत. घरी करायची, बाटल्यांत भरायची आणि हातगाडीवर घालून विकायची. बाटल्या दगडी, म्हणजे भाजलेल्या जाड मातीच्या. पेय थंड राहायचं आणि आतला दाब सोसायचा. बूच दोऱ्याने करकचून बांधलेलं.

पण हे 'प्लँट' आलं कुठून? क्रिमियाच्या युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांनी ते आणलं, अशी एक गोष्ट तेव्हा लोक सांगत. या बरणीत नक्की आहे तरी काय, हे शोधायला बसला तो हॅरी मार्शल वॉर्ड नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ. तो १८८० ते १८८२ सिलोनमध्ये कॉफीच्या पानांवर पडणाऱ्या तांबेऱ्याचा अभ्यास करत होता. १८८५ पासून तो कूपर्स हिलच्या रॉयल इंडियन इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवू लागला. हे कॉलेज थेम्सकाठी, पण तयार करायचं ते हिंदुस्थानसाठी इंजिनिअर आणि जंगल अधिकारी! आपल्याकडची जंगलं सांभाळायला निघालेल्या साहेबांना वनस्पतिशास्त्र शिकवता शिकवता हा गृहस्थ जिंजर बिअरचा साका सूक्ष्मदर्शकाखाली बघत होता.

१८९२ मध्ये त्याचा मोठा निबंध रॉयल सोसायटीने छापला. साक्यात त्याला बरेच सूक्ष्मजीव सापडले, पण कामाचे दोनच: एक यीस्ट आणि एक जिवाणू. जिवाणू स्वतःभोवती चिकट, पारदर्शक आवरण तयार करतो आणि त्यात यीस्ट गुंतून बसतं. त्यातून भिजलेल्या साबुदाण्यासारखे दाणे तयार होतात. वॉर्डने दोघांना वेगळं करून वाढवलं आणि मग परत एकत्र आणून तेच 'प्लँट' पुन्हा घडवून दाखवलं. ही एक वस्ती आहे, दोघांच्या शेजारानं चालणारी, हे त्याने सिद्ध केलं.

हे वाचून मी आजींच्या बरणीत साबुदाणा शोधला. नव्हता. नुसता साका. म्हणजे ते वॉर्डचं प्लँट नव्हतंच. कुणीतरी कधीतरी बेकरीचं यीस्ट घालून सुरू केलेली बरणी होती. विसाव्या शतकात इंग्लंडमधल्या बऱ्याच घरांत अशाच बरण्या फिरत होत्या, आणि अस्सल दाणे जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या सूक्ष्मजीव-संग्रहासारख्या ठिकाणी जपून ठेवावे लागले. आजींना हे सांगितलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, "मग? चव बिघडली का?"

दर आठवड्याला एकाच्या दोन बरण्या. प्रत्येकाने नियम पाळला तर दहा आठवड्यांत १०२४ बरण्या होतात. आमच्या गल्लीत चौथ्या आठवड्यातच लोक आम्हाला बघून रस्ता बदलायला लागले. :-) तेव्हा हे टिकवायचं तर घेणारं माणूस शोधत राहावं लागतं, हे मला कळलं. पण देणाऱ्याने आणखी काय करायचं असतं, ते कळलं नव्हतं. ते पुण्याला परतल्यावर कळलं.

२००८चा मे महिना. उकाड्याने जीव नकोसा झालेला, मला जिंजर बिअरची आठवण झाली. बेकरीतून यीस्ट आणलं, सुंठ घरात होतीच. आठवड्यात साका तयार झाला. सरबताच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या धुऊन भरल्या, बुचं घट्ट लावली आणि मोठ्या हौसेने एक बाटली खालच्या मजल्यावरच्या काकूंना नेऊन दिली. वर शहाणपणाने सांगितलं, "काकू, आठ दिवस अजिबात उघडायची नाही हं."

तिसऱ्या रात्री एकच्या सुमाराला खालून बॉम्ब फुटल्यासारखा आवाज आला. काकूंच्या ओट्यावरची बाटली फुटली होती. काय झालं बघायला काकू अंधारात अनवाणी धावल्या आणि काच टाचेत घुसली. दोन टाके पडले. त्याच ओट्याशी दिवसा त्यांचा सहा वर्षांचा नातू स्टुलावर चढून लुडबुडत असतो. मी फरशी पुसत होते आणि डोक्यात एकच विचार... एक वाजता दुपारचा असता तर?

चूक काय झाली ते आता शाळकरी मूलही सांगेल. शेफील्डच्या गारठ्यात यीस्टला ज्या कामाला आठ-दहा दिवस लागतात, ते पुण्याच्या चाळीस अंशांत दोन-तीन दिवसांत उरकतं. सरबताची बाटली दाब सोसायला केलेलीच नसते. मी कृती आणली, पण तिचं हवामान आणलं नाही. दुसऱ्या दिवशी आजींना फोन केला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "आमच्याही फुटल्या होत्या. १९७६च्या उन्हाळ्यात, शेडमध्ये. चार." इंग्लंडमधला तो उन्हाळा प्रसिद्ध आहे, कमालीचा कडक आणि कोरडा. "तुला सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. मला त्यांचा राग आला नाही. कारण मीही काकूंना काही सांगितलं नव्हतं.

त्याच आठवड्यात भाची आली होती, कायद्याच्या पहिल्या वर्षाला असलेली. सगळं ऐकून आधी खो खो हसली. म्हणाली, "मावशी, तू तर आमच्या पुस्तकातली केस आहेस!" मग तिने सांगितलं.

२६ ऑगस्ट १९२८, स्कॉटलंडमधलं पेस्ली गाव. मे डोनाह्यू नावाची कामकरी बाई मैत्रिणीबरोबर कॅफेत गेली. मैत्रिणीने तिच्यासाठी आइस्क्रीम आणि जिंजर बिअर मागवली. बाटली गडद काचेची, आतलं दिसत नाही. अर्धी पिऊन झाल्यावर उरलेली ओतली, तर त्यातून कुजलेली गोगलगाय बाहेर आली, असं तिचं म्हणणं. ती आजारी पडली. पण दावा कुणावर लावायचा? पैसे मैत्रिणीने दिलेले, म्हणजे कॅफेशी हिचा व्यवहार नाही. बाटली भरणाऱ्या डेव्हिड स्टीव्हन्सनशी तर नाहीच. ती इतकी गरीब होती की आपण कंगाल आहोत असं शपथेवर सांगून तिला वरच्या कोर्टात जावं लागलं. २६ मे १९३२ला हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी तिचा दावा चालू शकतो असं ठरवलं. गोगलगाय खरंच होती की नव्हती हे कधी सिद्ध झालंच नाही, कारण पुढे प्रकरण आपसात मिटलं.

पण त्या निकालात लॉर्ड अ‍ॅटकिनने एक प्रश्न विचारला: कायद्याच्या दृष्टीने माझा शेजारी कोण? आणि उत्तर दिलं, त्याचा आशय असा की माझ्या कृतीची झळ ज्याला थेट पोचेल, म्हणून ती करतानाच ज्याचा विचार माझ्या मनात यायला हवा, तो माझा शेजारी. मग तो भिंतीपलीकडे राहो की शंभर मैलांवर. आपल्याकडचे कायद्याचे विद्यार्थीही हा निकाल शिकतात. सदोष वस्तू बनवणाऱ्याची जबाबदारी आपल्या २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतंत्र प्रकरण करून लिहिली आहे.

"म्हणजे मी स्टीव्हन्सन," मी म्हटलं.

"नाही," भाची म्हणाली, "त्याची गोगलगाय सिद्ध झाली नव्हती. तुझी काच टाचेत सापडली."

मला वाटायचं की शेजारधर्म म्हणजे देणं. वाटी भरून द्यायची, झालं. पण आजींच्या मैत्रिणीपासून माझ्यापर्यंत सगळ्यांनी बरणी पुढे दिली, ती फुटू शकते हे मात्र कुणीच पुढे दिलं नाही. दही बिघडलं तर आंबट होतं, एवढंच. त्यामुळे विरजणाबरोबर काही सांगायची सवय आपल्याला लागलीच नाही. जिंजर बिअरने मला ती लावली, तीही काकूंच्या टाचेच्या मोबदल्यात.

काकू पुढे दोन महिने लंगडत चालत होत्या. जिन्यात भेटल्या की मी मान खाली घालायचे. एक दिवस त्याच वर आल्या, हातात वाटी. "विरजण आहे का गं?" मी वाटी भरून दिली.

पुढच्या मेमध्ये मी पुन्हा बरणी लावली. या वेळी प्लॅस्टिकच्या बाटल्या, त्यासुद्धा सोड्याच्या, दाब सोसणाऱ्या. वर चार बोटं जागा सोडलेली. प्रत्येक बाटलीवर भरल्याची तारीख आणि सूचना: 'रोज दाबून बघा, कडक लागली की लगेच फ्रीजमध्ये ठेवा.' काकूंना द्यावी की नाही, दोन दिवस ठरेना. शेवटी विचारलं. त्यांनी चिठ्ठी नीट वाचली, चष्मा लावून, दोनदा. आणि बाटली घेतली.

तिसऱ्या दिवशी सकाळी खालून नातवाची हाक आली, "मावशी, घट्ट झाली!"