टाळेबंदीतील स्थलांतरित मजूर (महाराष्ट्र, २०२०–२१)

कोविड-१९च्या साथीत २५ मार्च २०२० पासून देशभर लागू झालेल्या टाळेबंदीने महाराष्ट्रातील शहरांत, साखर कारखान्यांच्या तळांवर व वीटभट्ट्यांवर अडकलेले परप्रांतीय आणि राज्यांतर्गत मजूर, त्यांची घरवापसी व त्यांच्या संरक्षणासाठी झालेली तजवीज हा या नोंदीचा विषय आहे. रेल्वेने प्रवासी गाड्या २२ मार्चलाच थांबवल्या होत्या आणि राज्यात २३ मार्चला संचारबंदी लागली होती. २४ मार्चला रात्री आठ वाजता देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा तिचा अंमल सुरू व्हायला चारच तास उरले होते आणि मजुरांना गाव गाठण्याचे साधन उरलेले नव्हते.

साथीत मजुरांनी शहर सोडण्याचा मुंबईचा अनुभव जुना आहे. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग उद्भवला आणि पुढच्या काही महिन्यांत शहराची जवळपास निम्मी वस्ती बाहेर पडली. मात्र गिरण्या चालू होत्या. कामगार दुर्मीळ झाला, त्याचा भाव वधारला आणि त्याला टिकवण्यासाठी गिरणीमालक रोजच्या रोज मजुरी देऊ लागले. २०२० मध्ये कामच बंद झाल्याने मजुराच्या हाती घासाघीस करण्याजोगे काही राहिले नाही. प्लेगच्या दिवसांतला १८९७ चा साथरोग कायदा मात्र याही वेळी वापरात आला. साथ आटोक्यात ठेवण्यासाठी सरकारला अधिकार देणाऱ्या या कायद्यात मजुराच्या पोटापाण्याची तरतूद नाही.

मुंबई–ठाण्यातील भाड्याच्या खोल्यांचा हिशेब पाळ्यांवर चालतो. दिवसपाळीचे लोक कामावर असताना रात्रपाळीचे झोपतात. कारखाने बंद होताच सगळे एकाच वेळी त्या खोलीत आले, आणि त्यांना सांगितले गेले की अंतर राखा. केंद्रीय गृहमंत्रालयाने २९ मार्चला मजुरी न कापता द्यावी व घरमालकांनी महिनाभर भाडे मागू नये असा आदेश काढला. पाळला गेला की नाही हे पाहणारी यंत्रणा मात्र त्यामागे नव्हती, आणि मजुरीचा आदेश मेच्या मध्यावर मागेही घेतला गेला. अडकलेल्या मजुरांच्या दूरध्वनींना उत्तर देणाऱ्या ‘स्वान’ या स्वयंसेवी गटाने पहिल्या तीन आठवड्यांत अकरा हजारांहून अधिक मजुरांशी संपर्क साधला. त्यांपैकी ९६ टक्क्यांना सरकारी धान्य मिळालेले नव्हते.

याचे मूळ शिधापत्रिकेत होते. धान्य गावच्या दुकानात आणि खाणारा भिवंडीत, अशी तेव्हाची रचना होती. गोदामांत गहू-तांदळाचा साठा मुबलक असतानाही या माणसापर्यंत तो पोहोचवण्याची वाट नव्हती. महाराष्ट्र व गुजरात यांच्यात शिधापत्रिकेची आंतरराज्य सोय ऑगस्ट २०१९ मध्येच सुरू झाली होती, पण मुंबईतले बहुसंख्य परप्रांतीय मजूर उत्तर प्रदेश-बिहारचे. पत्रिका नसलेल्या आठ कोटी स्थलांतरितांसाठी दरमहा माणशी पाच किलो धान्य आणि कुटुंबामागे एक किलो हरभरा देण्याची घोषणा १४ मेला झाली. तोवर पन्नास दिवस लोटले होते. मधल्या काळात कागद न मागता पोट भरणारी सरकारी सोय म्हणजे शिवभोजन थाळी. जानेवारीत दहा रुपयांत सुरू झालेली ही थाळी मार्चअखेर पाच रुपयांवर आणली गेली. संख्येने ती अपुरीच होती, तरी तत्त्व म्हणून तिचे मोल मोठे आहे.

ऊसतोड मजुरांची अडचण वेगळी होती. बीड, नगर, जालना या भागांतून दरवर्षी मुकादमाची उचल घेऊन कोयते पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. सोबत मुले आणि बैलगाडी असेल तर बैलही. मार्चअखेर हंगाम सरत आला होता, कोप्यांमधला (तळावरच्या झोपड्यांमधला) शिधा संपत आला होता आणि जिल्ह्यांच्या सीमा बंद होत्या. ३८ कारखान्यांच्या तळांवर अडकलेल्या सव्वा लाखाहून अधिक मजुरांना राज्य सरकारने १७ एप्रिलला परतीची मुभा दिली. तपासणी व प्रवासाची जबाबदारी कारखान्यांवर टाकली. मजुरांसाठीच्या श्रमिक विशेष गाड्या सुरू होण्याच्या दोन आठवडे आधी हे घडले, कारण येथे जबाबदार धरता येईल असा कारखाना समोर होता आणि विधिमंडळात बोलणारे आमदारही होते. नाक्यावर उभे राहून रोज नवा ठेकेदार शोधणाऱ्या बिगाऱ्याच्या मागे असे कुणीच नव्हते.

टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढल्याचे १४ एप्रिलला जाहीर झाले, त्याच दिवशी वांद्रे स्थानकाबाहेर घरी जाऊ पाहणाऱ्यांचा मोठा जमाव जमला. पहिली श्रमिक विशेष गाडी १ मेला तेलंगणातील लिंगमपल्लीहून झारखंडमधील हटियाला गेली. त्याच रात्री नाशिकहूनही भोपाळकडे गाडी सुटली. गाडीत जागा मिळवायची तर पोलीस ठाण्यात अर्ज द्यायचा आणि डॉक्टरांचा दाखला जोडायचा. दाखल्यासाठी दवाखान्यांपुढे जमलेली गर्दी पाहता ही अट साथीला आवर घालणारी होती असे म्हणवत नाही. पुढे ती शिथिल झाली, तिकिटांसाठी मुख्यमंत्री सहायता निधीतून पैसा दिला गेला आणि एसटीच्या गाड्या मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत मोफत सोडू लागल्या. त्याआधी हजारो लोक मुंबई–आग्रा महामार्गाने पायी मध्य प्रदेशच्या सीमेवरील बिजासन घाटाकडे निघालेले होते. शेजारच्या कर्नाटकात बांधकाम व्यावसायिकांच्या भेटीनंतर सरकारने श्रमिक गाड्याच रद्द केल्या व टीका झाल्यावर पुन्हा सुरू केल्या. मजूर कुणाला कशासाठी हवा होता, हे यावरून उघड होते.

८ मेच्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ मालगाडीखाली १६ मजूर मरण पावले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले हे मध्य प्रदेशचे कामगार रुळांवरून भुसावळकडे चालले होते. तिथून गाडी मिळेल अशी आशा होती. गाड्या बंद आहेत या समजुतीने ते रुळांवरच झोपले होते.

परतणाऱ्यांचे गावात स्वागतच झाले असे नाही. कोकणात चाकरमान्यांना गावबंदीला तोंड द्यावे लागले. वाटांवर झाडाच्या फांद्या टाकल्या गेल्या आणि आलेल्यांना शाळांच्या खोल्यांत विलगीकरणात ठेवले गेले. ज्यांच्या मनीऑर्डरींवर घरे चालली त्यांचीच धास्ती घेतली गेली, हे खरे. पण बहुतेक खेड्यांत प्राथमिक आरोग्य केंद्रही हाकेच्या अंतरावर नसते, हेही विसरता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २६ मेला या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. मजुरांकडून भाडे घेऊ नये, वाटेत अन्नपाणी द्यावे असे आदेश दोन दिवसांनी निघाले. ९ जूनच्या आदेशात उरलेल्यांना पंधरा दिवसांत घरी पोहोचवण्यास व टाळेबंदी मोडल्याबद्दलचे त्यांच्यावरील खटले मागे घेण्याचा विचार करण्यास सांगितले गेले. सप्टेंबरमध्ये सरकारने संसदेत सांगितले, की एक कोटीहून अधिक मजूर आपापल्या राज्यांत परतले. वाटेत किती मेले याची माहिती ठेवलेली नाही, म्हणून भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही, असेही सरकारचे उत्तर होते. २९ जून २०२१ च्या निकालात न्यायालयाने ‘एक देश एक शिधापत्रिका’ योजना सर्व राज्यांत लागू करण्यास व असंघटित कामगारांच्या नोंदणीस मुदत घातली. ई-श्रम संकेतस्थळ त्या ऑगस्टमध्ये सुरू झाले.

लसीकरणात ओळखपत्राची अडचण पुन्हा आली. ठरलेल्यांपैकी एकही ओळखपत्र नसलेल्या भटक्या, बेघर इत्यादींसाठी मे २०२१ मध्ये वेगळी कार्यपद्धती काढावी लागली.  

१९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा विस्थापन भत्ता, प्रवासखर्च व नोंदणीची हमी देत होता, पण ठेकेदारामार्फत आलेल्यांनाच. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने स्वतःहून आलेल्यांनाही त्या व्याख्येत घेतले. मात्र त्या तरतुदी लागू होण्यासाठी आस्थापनेत असे किमान दहा कामगार असावे लागतात. राज्याची सीमा ओलांडण्याची अट दोन्ही कायद्यांत आहे. त्यामुळे बीडचा कोयता बेळगावला गेला तर तो या व्याख्येत बसू शकतो, सांगलीला गेला तर बसत नाही.