भ्रूण संपुटन

भ्रूण संपुटन म्हणजे पशुधनाच्या प्रारंभिक अवस्थेतील भ्रूणाला जेलीसारख्या पदार्थाच्या आवरणात बंद करून त्याचे रक्षण व संवर्धन करण्याची पद्धत होय.

गरज

सस्तन प्राण्यांच्या भ्रूणाभोवती पहिले काही दिवस 'झोना पेल्युसिडा' नावाचे पारदर्शक आवरण असते. दोन ते आठ पेशींच्या अवस्थेत पेशी परस्परांना घट्ट चिकटलेल्या नसतात. हे आवरणच त्यांना एकत्र ठेवते. भ्रूण विभागताना आवरणाला छेद गेल्यास पेशी विखुरण्याचा धोका असतो. जेलीचे संपुट हा छेद बंद करते.

इतिहास व पद्धत

डॅनिश शास्त्रज्ञ स्टीन विलाडसेन यांनी १९७९ मध्ये मेंढीच्या दोन पेशींच्या भ्रूणाचे दोन भाग केले. प्रत्येक भाग रिकाम्या झोनात ठेवून अगारच्या जेलीत बंद केला व काही दिवस मेंढीच्या बांधलेल्या अंडवाहिनीत वाढविला. नंतर अगार काढून भ्रूण ग्राही मेंढ्यांच्या गर्भाशयात सोडण्यात आले. त्यांपासून एकसारखी जुळी कोकरे जन्मली. १९९६ मध्ये जन्मलेल्या 'डॉली' या मेंढीच्या निर्मितीतही अगारचे संपुट वापरले होते.

समुद्री शेवाळापासून मिळणारे सोडियम अल्जिनेटही यासाठी वापरतात. त्याचा थेंब कॅल्शियमच्या द्रावणात पडताच घट्ट होतो व सायट्रेटच्या द्रावणात विरघळतो.

अहिल्यानगर जिल्हा आणि वंशसंवर्धन

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुका हा अतिवृष्टीत तग धरणाऱ्या डांगी गोवंशाच्या पैदास क्षेत्राचा भाग आहे. याच जिल्ह्यातील राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टिन फ्रिजियन, जर्सी व गीर यांच्या संकरातून 'फुले त्रिवेणी' ही गाय विकसित केली. संकरासाठी वळूचे गोठविलेले वीर्य पुरते. मात्र वीर्यात केवळ पित्याची जनुके असतात. भ्रूणात माता व पिता दोघांचीही जनुके असल्याने शुद्ध देशी वंश जपण्यासाठी द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअसला साठविलेले भ्रूण अधिक उपयुक्त ठरतात.

मर्यादा

विभाजनाने वासरांची संख्या वाढते, जनुकीय विविधता वाढत नाही. म्हणून वंशसंवर्धनासाठी अनेक गायींचे भ्रूण आवश्यक असतात. भ्रूणाचे जितके अधिक भाग करावेत, तितक्या प्रत्येक भागातील पेशी कमी होऊन यशाची शक्यता घटते. सुमारे सातव्या दिवशी पेशी घट्ट जुळलेल्या असल्याने त्या वेळी केलेल्या विभाजनास संपुट लागत नाही. त्यामुळे ही पद्धत आज प्रामुख्याने संशोधनात वापरली जाते.